गुलमर्गच्या उतारावर तीनदा : १९८८, २००७ आणि २०२४

गुलमर्गबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं, ते बहुतेक श्रीनगरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतलेल्यांचं असतं. गोंडोलाची, म्हणजे केबल-कारची, रांग, बर्फातले फोटो, कहवा, की निघाले परत. स्की शिकायला म्हणून तिथे मुक्काम केलेल्या माणसाने लिहिलेलं मला फारसं सापडलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. मी पुण्याची. तिथे तीनदा राहिले : १९८८ मध्ये बावीस वर्षांची असताना, २००७ मध्ये दहा वर्षांच्या मुलीला घेऊन, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच मुलीबरोबर. तिन्ही वेळा पायांना स्की बांधली. त्यामुळे हॉटेलातल्या जेवणापेक्षा उतार, लिफ्ट, साहित्य आणि शिक्षक यांच्याबद्दलच जास्त सांगणार आहे.

पहिल्या वेळी पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू गाठलं. पुढे बसने श्रीनगर. बनिहालला बर्फ पडून रस्ता बंद झाल्याने आम्ही दोन दिवस वाटेत अडकलो होतो. सह्याद्रीत भटकणाऱ्या आम्हा चौघांनी गुलमर्गच्या सरकारी स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग संस्थेत नाव नोंदवलं होतं. ही संस्था १९६८ ची. भारत सरकारने ऑस्ट्रियाचे स्की-तज्ज्ञ रुडॉल्फ मॅट यांना हिवाळी खेळांसाठी जागा शोधायला बोलावलं होतं, त्यांनी गुलमर्ग निवडलं, आणि प्रशिक्षक घडवण्यासाठी ही संस्था उभी राहिली. त्याआधीही इथे स्की होतीच. इंग्रजांनी १९२७ मध्ये स्की क्लब ऑफ इंडिया इथेच सुरू केला होता, आणि नाताळात व ईस्टरला त्यांच्या स्पर्धा भरायच्या. स्वातंत्र्यानंतर लगेचच लष्कराने इथे आपली स्की शाळा काढली. तीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. आजही सकाळी पांढऱ्या कपड्यांतल्या जवानांची रांग उतारावरून जाताना दिसते.

१९८८ मधल्या उताराची उंची आम्हाला पायांनीच कळली. गुलमर्गचं पठार २६५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर वर, त्यामुळे पहिले दोन दिवस दहा पावलांत धाप लागायची. सकाळी धडा सुरू होण्याआधी बर्फ दाबायचं काम विद्यार्थ्यांचंच असे. स्की उताराला आडव्या ठेवून, खेकड्यासारखं एकेक आडवं पाऊल टाकत सगळा वर्ग खालून वरपर्यंत चढायचा. मागे वळून पाहिलं की भुसभुशीत बर्फाची घट्ट पट्टी तयार झालेली असे. त्या पट्टीवरून एकदा घसरत यायला वीस सेकंद लागायचे, आणि पुन्हा चढायला वीस मिनिटं. दुपारी कधी टी-बार मिळाला तर सण वाटायचा. उलट्या टी अक्षरासारखा दांडा मांड्यांच्या मागे येतो आणि तारेने आपल्याला वर ओढतो. त्याच्यावर बसायचं नसतं, नुसतं टेकायचं असतं. बसलं की माणूस खाली आणि दांडा एकटाच वर.

तेव्हाची स्की निवडायची रीत मुलीला सांगितली तर तिला खरं वाटेना. स्की जमिनीवर उभी धरायची, हात सरळ डोक्यावर करायचा, आणि स्कीचं टोक मनगटाला लागलं पाहिजे. माझी उंची पाच फूट दोन इंच. ती लांबलचक सरळ फळी वळवायची म्हणजे बैलगाडी वळवण्यासारखं होतं. २०२४ मध्ये मला दिलेली स्की हनुवटीपर्यंतच आली. मधे निमुळती, दोन्ही टोकांना रुंद. वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेलं की तिची कडा स्वतःच वळण धरते. जे वळण १९८८ मध्ये मला नवव्या दिवशी जमलं, ते मुलीला २००७ मध्ये तिसऱ्याच दिवशी जमलं. त्यात तिच्या वयाचा भाग होताच, पण फळीच्या आकाराचाही होता.

१९८८ च्या त्या फेब्रुवारीत आमच्या वसतिगृहात बुखारीभोवती, म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीभोवती, एकच विषय असायचा : कॅलगरीचं हिवाळी ऑलिंपिक. काश्मीरचे गुल देव तिथे गेले होते, आणि शैलजा कुमार या हिवाळी ऑलिंपिकमधल्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या होत्या. आमच्या तुकडीत मुली तीनच. ती बातमी आम्ही पुन्हापुन्हा एकमेकींना सांगत होतो. अधूनमधून डोंगरामागून हेलिकॉप्टरचा आवाज यायचा. सिल्व्हां सोदां नावाच्या स्विस स्कीपटूच्या पुढाकाराने परदेशी लोकांना हेलिकॉप्टरने शिखरांवर सोडायला सुरुवात झाली होती. रोपवे होणार, फ्रेंच कंपनी बांधणार, अशी चर्चाही तेव्हा जोरात होती. आमचे शिक्षक फिरनच्या (सैल काश्मिरी झग्याच्या) आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, धरून, गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराकडे बोट दाखवून म्हणाले होते, “अगली बार आप वहाँ से उतरेंगी.”

‘अगली बार’ यायला एकोणीस वर्षं लागली. १९९० नंतर खोऱ्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पर्यटक थांबले, रोपवेचं काम थांबलं, आणि स्कीवर पोट असलेली माणसं बर्फ पडूनही रिकामी बसली. गोंडोलाचा पहिला टप्पा, गुलमर्ग ते कोंगदोरी, अखेर १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा, कोंगदोरी ते अफरवट, २००५ मध्ये. गुलमर्गचं नशीब पालटलं ते या दुसऱ्या टप्प्याने. वरचं स्टेशन जवळजवळ ३९५० मीटरवर आहे. तिथून गावापर्यंत सुमारे १३०० मीटरचा सलग उतार मिळतो, आणि एवढ्या उंचीवर केबिनमध्ये बसून पोचता येणाऱ्या जागा जगात मोजक्याच आहेत. शिवाय इथला बर्फ कोरडा. मुठीत घेऊन गोळा करायला जा, बोटांतून पिठासारखा सांडतो.

२००७ मध्ये गेले तर गाव ओळखू येईना. ऑस्ट्रेलिया, स्वीडन, रशिया इथली तरुण मुलं रुंद स्की खांद्यावर टाकून बाजारात फिरत होती, आणि चहाच्या टपरीवरचा मुलगा त्यांच्याशी हिमस्खलनाबद्दल इंग्रजीत बोलत होता. पण मी सर्वांत जास्त बघितलं ते शिक्षकांकडे. मुलीला शिकवणारा तरुण गुलमर्गच्या खालच्या टंगमर्गजवळच्या गावचा. वडील स्लेज ओढायचे. हा लहानपणी घरच्या लाकडी फळ्यांना दोरी बांधून घसरायचा, मग संस्थेत शिकला, परीक्षा दिल्या, प्रशिक्षक झाला. मुलगी पडली की तो तिला उचलायचा नाही. शेजारी स्वतः बर्फात झोपायचा आणि कसं उठायचं ते दाखवायचा : दोन्ही स्की अंगाच्या खालच्या बाजूला आणायच्या, उताराला आडव्या करायच्या, मग हात टेकून बाजूने उठायचं. तिसऱ्या पडण्याला ती एकटी उठली. त्याने टाळी वाजवली नाही, नुसतं “फिर से” म्हणाला. शिकवणं असतं ते असं, आणि मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलंय.

आता २०२४ चं. आमचं आरक्षण जानेवारीच्या मध्याचं होतं. डिसेंबर कोरडा गेला, जानेवारीही कोरडा जात होता. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, आणि त्या दिवसांत गुलमर्गचं मैदान तपकिरी गवताचं! फोटो बघून मला रडू आलं. मुलीला शिकवलेल्या त्याच शिक्षकांना फोन केला तर ते म्हणाले, “मॅडम, मत आइए, पैसा ज़ाया होगा.” दीड महिन्यापासून एक पैची कमाई नसलेला माणूस मला येऊ नका म्हणत होता. या एका वाक्यासाठी मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते. जानेवारीच्या शेवटी बर्फ सुरू झाला, आम्ही तारखा पुढे ढकलल्या आणि १७ फेब्रुवारीला पोचलो. दुसऱ्या दिवसापासून असा बर्फ पडला, की टंगमर्गचा रस्ताच बंद झाला आणि खिडकीची खालची चौकट दिसेनाशी झाली.

स्थानिक लोक एक गोष्ट वारंवार सांगत होते. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ गोठून घट्ट बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांना पाणी पुरवतो. फेब्रुवारीतला बर्फ कितीही पडला तरी लवकर वितळतो. पुरेशा बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. त्या २१ ते २५ फेब्रुवारीला झाल्या, म्हणजे आमच्या मुक्कामातच. या स्पर्धा २०२० मध्ये इथे सुरू झाल्या. कोंगदोरीच्या उतारावर लाल-निळ्या काठ्यांमधून वेगवेगळ्या राज्यांची पोरं खाली येत होती, आणि त्यात महाराष्ट्राचा टी-शर्ट दिसला तेव्हा आम्ही मायलेकी घसा बसेपर्यंत ओरडलो. आपल्याकडे बर्फ नाही, तरी पोरं इथे येऊन शिकतायत, स्पर्धेत उतरतायत.

उताराची सोय आता तीन थरांची झाली आहे. गावातले नवशिक्यांचे सौम्य उतार आणि तिथल्या छोट्या लिफ्ट. वर कोंगदोरीचा मधला भाग आणि तिथून मेरी शोल्डरला जाणारी चेअरलिफ्ट. आणि त्याच्याही वर अफरवटचा मोकळा डोंगर. बर्फ दाबायला आता स्नो बीटर आहे. रात्री तो उतार विंचरून ठेवतो आणि सकाळी बर्फावर कॉर्डरॉयच्या कापडासारख्या रेघा असतात. त्या रेघांवरून पहिली फेरी मारायची म्हणून मी साडेनऊलाच हजर असायचे. पायाखाली जो खरखर आवाज येतो, तो मला पुण्यात आल्यावरही झोपताना ऐकू येत होता.

वरच्या डोंगराबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. अफरवटहून खाली येणारा बहुतेक भाग राखलेला, आखलेला उतार नाही, तो डोंगरच आहे. स्की पेट्रोलची, म्हणजे उतारावरच्या सुरक्षा-गस्तीची, माणसं बर्फाची पाहणी करतात आणि ठरावीक भाग खुला करतात. त्याच्या बाहेर गेलात तर जबाबदारी तुमची. आम्ही तिथे असतानाच, २२ फेब्रुवारीला, डोंगराच्या वरच्या अंगाला हिमस्खलन झालं आणि एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. बाकीच्यांना वाचवलं. आदल्या वर्षी पोलंडचे दोघे असेच गेले होते. त्या दुपारी गावात एकाएकी शांतता पसरली. सगळे शिक्षक हातात वॉकीटॉकी घेऊन वर बघत उभे होते, कुणीही कामाचं बोलत नव्हतं. माझी मुलगी चांगली स्की करते, तरी दुसऱ्या दिवशी ती वर गेली ती परवानाधारक गाइड, अंगावर बीकन (बर्फात गाडलं गेल्यास जागा कळवणारं यंत्र), पाठीवर फावडं आणि शोधकाठी घेऊनच. गाइडची फी जास्त वाटली तर वर जाऊ नका. कोंगदोरीला भरपूर आनंद आहे.

गोंडोलाचं तिकीट आता ऑनलाइनच काढायचं, २०२४ मध्ये दोन्ही टप्पे मिळून माणशी दोन हजारांच्या आत होतं. हंगामात तिकिटं भराभर संपतात, तेव्हा प्रवासाची तारीख पक्की झाली की आधी हेच काम करा. पहिल्या टप्प्याची केबिन सहा जणांची. वारा वाढला की दुसरा टप्पा बंद ठेवतात. आमच्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ त्यावरून कर्मचाऱ्याच्या अंगावर धावून गेले. मला त्यांना सांगावंसं वाटलं आणि मी सांगितलंही, की जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्यात झाड कोसळून इथे सात माणसं गेली आहेत. त्यात एक आख्खं कुटुंब होतं आणि तीन स्थानिक माणसं होती. बंद ठेवलं तर आभार माना.

आता तक्रार. बाजारातल्या एका भाड्याच्या दुकानातून पहिल्या दिवशी मुलीसाठी साहित्य घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. बूट एक नंबर मोठा दिला आणि “दो मोज़े पहन लो” म्हणाले. बूट सैल असला की आत टाच उचलते, स्की ऐकत नाही. त्याहून वाईट म्हणजे बाइंडिंग, जो स्प्रिंगचा खटका बुटाला स्कीत अडकवतो. पडल्यावर स्की सुटून बाजूला गेली पाहिजे, नाहीतर गुडघा पिळतो. किती जोराला खटका सुटावा हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीचा अनुभव बघून ठरवायचं असतं. त्याने यातलं काहीही विचारलं नाही. आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच ठेवला. दुसऱ्याच फेरीत मुलगी पडली, स्की सुटली नाही आणि गुडघा सुजला. नशिबाने नुसतीच मुरगळ होती, पण आमचे दोन दिवस गेले. परत गेलो तर “अपने आप गिरा” एवढंच उत्तर. शिक्षकांनी संध्याकाळी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन दुसरी जोडी तिच्या वजनाला लावून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत. भाड्याच्या साहित्याची ही बाजू अजून फार कच्ची आहे आणि ती लवकर सुधारायला हवी. जगभरातून माणसं येतात त्या ठिकाणी प्रत्येक दुकानात वजनकाटा आणि खटक्याचा आकडा ठरवायचा तक्ता भिंतीवर लावलेला दिसलाच पाहिजे.

गर्दीचंही सांगते. दुपारी अकरा ते तीन गावातला नवशिक्यांचा उतार शिकण्यालायक राहत नाही. स्लेज, बर्फातल्या मोटारी, भाड्याचे कोट, सेल्फी. शिकणाऱ्याच्या वाटेत मधोमध बसून आपलीच मराठी मंडळी फोटो काढत होती. मी हात जोडून बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा त्या बिचाऱ्या बाया लगेच उठल्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ही स्कीची वाट आहे. एक दोरी आणि दोन फलक एवढ्याने हा प्रश्न सुटेल. चार तासांच्या पर्यटनावर इथली पुष्कळ घरं चालतात, त्यामुळे ते थांबावं असं मी म्हणणार नाही. पण शिकणाऱ्याला त्याची पन्नास मीटरची पट्टी मिळायलाच हवी. चिप्सची पाकिटं बर्फात खुपसून जाणाऱ्यांना मात्र माझ्याकडे क्षमा नाही. मे महिन्यात ती सगळी वर येतात.

राहणं-खाणं साधं होतं, मला पुरलं. खोलीत बुखारी होती, वीज जाऊन येऊन. सकाळी गिरदा रोटी आणि मिठाचा गुलाबी चहा, दुपारी राजमा-भात. खिशात मी चिक्की ठेवायची, कारण थंडीत चेअरलिफ्टवर बसल्यावर भूक अचानक लागते. हातमोजे न काढता तुकडा मोडता येतो हा चिक्कीचा मोठा गुण.

आणि शिक्षक. २००७ मध्ये मुलीला शिकवलेला तोच तरुण. आता दाढी पिकलेली, हाताखाली चार मुलं, त्यातली एक त्याची पुतणी. तिने मला शिकवलं. वय वर्षं एकवीस. सतरा वर्षांच्या खंडानंतर मी पहिल्या उतारावर उभी राहिले तर पाय लटपटत होते. ती माझ्यासमोर उलटी, म्हणजे पाठ उताराच्या दिशेला करून घसरत राहिली आणि माझ्या स्कीची टोकं हातांत धरून म्हणाली, “नीचे मत देखिए, मुझे देखिए. घुटने आगे, एड़ियाँ बाहर.” टोकं जवळ, टाचा लांब, की स्कीचा नांगर होतो आणि वेग मरतो. तीन फेऱ्यांनी तिने हात सोडले, आणि मला ते कळलंही नाही. तिच्या भिंतीवर आरिफ खानचं चित्र आहे असं ती सांगत होती. तो इथलाच, टंगमर्गच्या हाजीबलचा. त्याच्या वडिलांचं गुलमर्गमध्ये स्की-साहित्याचं दुकान. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून तो एकटाच होता, आणि जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे काठ्यांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, ४५ वा आला. ती म्हणाली, “लड़की भी जाएगी.” मी तिला शैलजा कुमार यांचं नाव सांगितलं. तिने ते कधीच ऐकलं नव्हतं. उतारावर उभ्या उभ्या तिने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

जायचं असेल तर : किमान सहा दिवस ठेवा, पहिला दिवस नुसता उंचीची सवय व्हायला. पैशाची ओढाताण असेल तर सरकारी संस्थेच्या कोर्सला अर्ज करा. वसतिगृह, साहित्य आणि शिकवणी तिथे एकत्र मिळते, शिस्त कडक आहे पण पाया पक्का होतो. खासगी शिक्षक घेणार असाल तर आधी त्याचं प्रमाणपत्र बघायला मागा, चांगला शिक्षक ते आनंदाने दाखवतो. तिकिटं तारीख बदलता येतील अशीच काढा, कारण बर्फ आता आपल्या कॅलेंडरने येत नाही. निघण्याआधी भिंतीला टाच लावून अंगठ्यापर्यंत पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजा आणि तो आकडा, स्वतःचं वजन आणि उंची कागदावर लिहून न्या. स्कीचे बूट त्याच मापाने मिळतात. माझं चोवीस आहे.